मेरुरज्जूच्या दुखापतीनंतरचे कार्यात्मक स्वावलंबन : मूल्यमापनाच्या श्रेणी व त्यांचा अर्थ

प्रस्तावना :

पाठीच्या कण्यातून जाणारा मेरुरज्जू हा मेंदू आणि शरीर यांच्यातील संदेशवहनाचा मुख्य मार्ग होय. झाडावरून वा बांधकामाच्या परांचीवरून पडणे, रस्त्यावरील अपघात, कण्याचा क्षयरोग अशा कारणांनी या मार्गाला इजा पोहोचली म्हणजे इजेच्या खालील भागातील हालचाल व संवेदना अंशतः किंवा पूर्णतः नाहीशी होते. मूत्राशय व आतडी यांच्यावरील ताबाही जातो. इजा मानेत झालेली असेल तर चारही अंगे आणि श्वसनाचे स्नायू बाधित होतात. छातीच्या वा कमरेच्या पातळीवर झालेली असेल तर हात शाबूत राहून कमरेखालील भाग निकामी होतो. पहिल्या अवस्थेस टेट्राप्लेजिया व दुसरीस पॅराप्लेजिया असे म्हणतात.

अशा रुग्णाचे नातेवाईक डॉक्टरांना बहुधा एकच प्रश्न विचारतात : चालता येईल का? पुनर्वसनाच्या दृष्टीने मात्र प्रश्न निराळा असतो. ही व्यक्ती स्वतःचे जेवण, स्नान, शौच, कपडे, अंथरुणातून खुर्चीवर जाणे, घराबाहेर पडणे यांपैकी काय काय दुसऱ्याच्या मदतीवाचून करते, आणि जिथे मदत लागते तिथे ती किती लागते, हे ठरवावयाचे असते. त्यावरच रुग्णालयातून घरी केव्हा सोडावयाचे, घरात कोणते फेरफार करावयाचे, घरातील कोणा एका व्यक्तीला नोकरी वा मजुरी सोडून घरी थांबावे लागेल काय, हे निर्णय अवलंबून असतात. या निर्णयांसाठी ज्या मापनश्रेणी वापरल्या जातात त्या वरकरणी तटस्थ अंकांच्या स्वरूपात असल्या, तरी प्रत्येक श्रेणीत स्वावलंबन म्हणजे काय याविषयीचे एक मत आधीच गृहीत धरलेले असते. प्रस्तुत लेखात प्रमुख श्रेणींचा परिचय करून देऊन हे गृहीत मत तपासण्याचा आणि महाराष्ट्रातील राहणीमानात ते कितपत लागू पडते हे पाहण्याचा प्रयत्न केला आहे.

दुखापतीची पातळी आणि कार्यक्षमता :

दुखापतीचे स्वरूप मोजणे आणि कार्यक्षमता मोजणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. पहिलीसाठी अमेरिकन स्पायनल इंजुरी असोसिएशनने १९८२ मध्ये प्रमाणके प्रसिद्ध केली व ती सुधारत सुधारत आंतरराष्ट्रीय प्रमाणके म्हणून रूढ झाली. त्यांत शरीराच्या दोन्ही बाजूंचे प्रत्येकी दहा प्रमुख स्नायुगट व अठ्ठावीस संवेदनक्षेत्रे तपासून दुखापतीची पातळी ठरवितात आणि 'ए' ते 'ई' अशी प्रत देतात. 'ए' म्हणजे पूर्ण दुखापत, 'ई' म्हणजे सामान्य स्थिती.

पातळीतील एका अंकाचा फरक दैनंदिन जीवनात केवढा ठरतो याचे उत्तम उदाहरण मानेच्या दुखापतीत मिळते. सी-५ पातळी शाबूत असलेली व्यक्ती कोपर वाकवू शकते; हाताला पट्टा बांधून त्यात चमचा अडकवून दिला तर घास तोंडापर्यंत नेते. सी-६ शाबूत असेल तर मनगट वर उचलता येते, आणि मनगट उचलताच बोटांच्या स्नायुबंधांवर ताण येऊन बोटे आपोआप मिटतात. बोटांत स्वतःची शक्ती नसतानाही या युक्तीने हलकी वस्तू पकडता येते. सी-७ शाबूत असेल तर कोपर सरळ करता येते, म्हणजेच हात टेकून शरीराचा भार उचलता येतो आणि पलंगावरून चाकाच्या खुर्चीत सरकता येते. तथापि एकाच पातळीच्या दोन व्यक्तींची कार्यक्षमता समान असतेच असे नाही. वय, वजन, स्नायूंचा ताठरपणा, शय्याव्रण, खांदेदुखी, मिळालेले प्रशिक्षण आणि राहते घर यांमुळे त्यांच्या दैनंदिन जीवनात मोठे अंतर पडते. म्हणूनच कार्यक्षमतेचे स्वतंत्र मापन आवश्यक ठरते.

मापनश्रेणींची वाटचाल :

पहिल्या महायुद्धाच्या काळापर्यंत मेरुरज्जूची गंभीर दुखापत झालेले बहुतेक रुग्ण मूत्रसंसर्ग व शय्याव्रण यांमुळे काही आठवड्यांत वा महिन्यांत दगावत. १ फेब्रुवारी १९४४ रोजी इंग्लंडमधील स्टोक मँडेविल येथे लुडविग गटमन यांच्या नेतृत्वाखाली मेरुरज्जू विभाग सुरू झाला. रुग्णाला ठरावीक वेळाने कुशीवर वळविणे, मूत्राशयाची काटेकोर निगा राखणे आणि लवकरात लवकर कामाला व खेळाला लावणे ही त्यांची पद्धती होती. रुग्ण जगू लागले, तेव्हा ते कसे जगतात हे मोजण्याची गरज निर्माण झाली. महाराष्ट्रात मुंबईच्या हाजी अली येथे अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था १९५५ मध्ये स्थापन झाली, तर पुण्यातील खडकी येथे जखमी सैनिकांसाठी पॅराप्लेजिक पुनर्वसन केंद्र १९७४ मध्ये उभे राहिले.

१९६५ मध्ये फ्लॉरेन्स महोनी व डोरोथिया बार्थेल यांनी प्रसिद्ध केलेला बार्थेल निर्देशांक हा दहा क्रियांचा व एकूण १०० गुणांचा आहे. तो सोपा असल्याने आजही सर्वत्र वापरात आहे. पूर्ण १०० गुण मिळालेली व्यक्ती एकटी राहू शकेलच असे नाही, हे खुद्द त्याच्या कर्त्यांनीच नमूद करून ठेवले आहे. वापरणाऱ्यांना मात्र त्याचा वारंवार विसर पडतो. चाकाची खुर्ची वापरणाऱ्या व्यक्तीच्या बाबतीत तर या निर्देशांकाची मर्यादा साध्या बेरजेनेही दिसते. चालण्यासाठी १५ गुण आहेत, खुर्ची स्वतः चालविल्यास ५. जिन्यासाठी १० आहेत, ते मिळत नाहीत. म्हणजे इतर प्रत्येक क्रिया पूर्णपणे स्वतः करणारी, नोकरी करून घर चालविणारी व्यक्तीसुद्धा ८० गुणांच्या वर जाऊ शकत नाही.

१९८० च्या दशकात अमेरिकेत 'फंक्शनल इंडिपेंडन्स मेझर', संक्षेपाने 'फिम', ही श्रेणी तयार झाली. तिच्यात १८ घटक असून त्यांपैकी १३ शारीरिक हालचालींचे व ५ बौद्धिक-सामाजिक स्वरूपाचे आहेत. प्रत्येकाला १ ते ७ गुण असल्याने एकूण गुण १८ ते १२६ या मर्यादेत येतात. ७ म्हणजे संपूर्ण स्वावलंबन, ६ म्हणजे साधनाच्या आधारे स्वावलंबन आणि त्याखालील प्रत्येक अंक दुसऱ्या व्यक्तीच्या वाढत्या मदतीचा निदर्शक होय. मदतीचा भार नेमकेपणाने मोजणे हे या श्रेणीचे बलस्थान. परंतु ती सर्व प्रकारच्या रुग्णांसाठी बनविलेली आहे. मेंदूला इजा नसलेल्या मेरुरज्जूच्या रुग्णाला बौद्धिक घटकांत जवळजवळ पूर्ण गुण पहिल्याच दिवशी मिळतात, त्यामुळे ते घटक काहीच सांगत नाहीत. आणि श्वसनाचा तर तिच्यात उल्लेखही नाही. अमेरिकेच्या मेडिकेअर व्यवस्थेने १ ऑक्टोबर २०१९ पासून पुनर्वसन रुग्णालयांच्या अहवालातून फिमचे घटक काढून टाकले, तरी जुन्या संशोधनाचा मोठा भाग याच अंकांत लिहिलेला असल्याने ती समजून घेणे आजही अपरिहार्य आहे.

'स्किम' श्रेणीची अंतर्रचना :

केवळ मेरुरज्जूच्या दुखापतीसाठी बनविलेली श्रेणी म्हणजे 'स्पायनल कॉर्ड इंडिपेंडन्स मेझर' अर्थात 'स्किम'. इस्रायलमधील लोवेनस्टाइन पुनर्वसन रुग्णालयातील अमिराम कॅट्झ व त्यांच्या सहकाऱ्यांनी ती १९९७ मध्ये मांडली. तिची तिसरी आवृत्ती सहा देशांतील १३ केंद्रांत ४२५ रुग्णांवर तपासली जाऊन २००७ मध्ये त्या अभ्यासाचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. तिच्यात १९ घटक व १०० गुण आहेत : स्वतःच्या निगेसाठी २०, श्वसन व मलमूत्र व्यवस्थापनासाठी ४०, हालचालींसाठी ४०.

गुणांची ही वाटणीच मुळात अर्थपूर्ण आहे. एकट्या मूत्राशयाला १५ गुण आहेत, तर जेवणाला ३. सामान्य वाचकाला हे विपरीत वाटेल. परंतु मेरुरज्जूच्या रुग्णाचे आयुष्य मूत्रपिंडांच्या आरोग्यावर किती अवलंबून असते हे ध्यानात घेतले म्हणजे त्याचा उलगडा होतो. येथे फिम व स्किम यांची तुलना उद्बोधक ठरते. मूत्राशयात कायमची नळी बसविलेली एखादी व्यक्ती आपली लघवीची पिशवी स्वतः रिकामी करीत असेल, तर फिममध्ये तिला ७ पैकी ६ गुण मिळतात, कारण तिला कोणाची मदत लागत नाही. स्किममध्ये त्याच व्यक्तीला १५ पैकी ० गुण मिळतो, कारण कायमची नळी संसर्गाला आमंत्रण देणारी असते. हीच व्यक्ती ठरावीक वेळाने स्वतः नळी घालून मूत्राशय रिकामे करण्यास शिकली आणि मधल्या वेळात कोरडी राहिली तर तिचे गुण ० वरून ११ वर जातात. फिम 'दुसऱ्याला किती कष्ट पडतात' असे विचारते. स्किम 'रुग्णाने सुरक्षित पद्धत आत्मसात केली का' हेही विचारते. दोन्ही प्रश्न रास्त आहेत; पण त्यांची उत्तरे एकमेकांच्या जागी ठेवता येत नाहीत. या घटकातील काही पायऱ्या शरीराबाहेर लावावयाच्या लघवीच्या साधनावर आधारलेल्या असून तसे सोयीस्कर साधन मुख्यतः पुरुषांसाठीच उपलब्ध आहे, ही गोष्टही स्त्रीरुग्णांचे गुण वाचताना लक्षात ठेवावी लागते.

हालचालींच्या भागात मात्र श्रेणीचे गृहीत अधिक वादग्रस्त आहे. घरात फिरणे, १० ते १०० मीटर अंतर जाणे आणि त्याहून अधिक अंतर बाहेर जाणे या तीन घटकांना प्रत्येकी ८ गुण आहेत. साधी, हाताने चालविण्याची खुर्ची पूर्णपणे स्वतः चालविणाऱ्यास प्रत्येकी २ गुण मिळतात. ज्याला चालता येते, पण चालताना शेजारी लक्ष ठेवायला माणूस लागतो, त्यास ३ गुण मिळतात. म्हणजे सोबतीवाचून न चालू शकणारा हा एकट्याने बाजारात जाऊन येणाऱ्या खुर्चीधारकाहून अधिक 'स्वावलंबी' ठरतो. येथे श्रेणी स्वावलंबन मोजत नसून मज्जातंतूंची झालेली सुधारणा मोजते, असेच म्हणावे लागेल. संशोधनाच्या दृष्टीने ते उपयुक्त आहे. घरी जाणाऱ्या माणसाच्या दृष्टीने ते दिशाभूल करणारे ठरू शकते. या तीन घटकांत मिळून १८ व जिन्याचे ३ असे २१ गुण खुर्चीधारकास कधीच मिळत नसल्याने त्याची कमाल मर्यादा ७९ ठरते. ज्या रुग्णाच्या चालण्याची शक्यता नाही, त्याच्या कागदावर '६८' हा आकडा लिहिला असेल तर त्याची तुलना १०० शी नव्हे, ७९ शी करावयास हवी. ही साधी सूचना रुग्णास व नातेवाइकांस दिली गेली तर पुष्कळसे नैराश्य टळेल.

याच संदर्भात आणखी एक तांत्रिक बाब नोंदविणे आवश्यक आहे. या सर्व श्रेणींतील अंक क्रमदर्शक असतात. ३० वरून ४० वर जाणे आणि ६० वरून ७० वर जाणे ही समान प्रगती नव्हे. डॅनिश गणिती गेऑर्ग रॅश यांनी मांडलेल्या प्रतिमानाच्या आधारे हे क्रमदर्शक गुण समान अंतराच्या मापात बदलता येतात, व स्किमच्या तीन भागांचे विश्लेषण त्या पद्धतीने झालेही आहे. प्रत्यक्ष रुग्णालयात मात्र सरळ बेरीज केली जाते. अशा वेळी निदान तीन भागांचे गुण तरी स्वतंत्रपणे लिहावेत, त्यांची एक बेरीज करून थांबू नये.

जमिनीलगतचे जीवन :

स्किममधील सर्वांत कमी गुणांचा घटक म्हणजे जमिनीवरून खुर्चीत चढणे. त्याला १०० पैकी १ गुण आहे. पलंग, टेबल-खुर्ची व कमोड यांभोवती चालणाऱ्या घरात माणूस जमिनीवर येतो तो बहुधा पडल्यावरच. म्हणून तेथे हा एक गुण पुरेसा असेल. महाराष्ट्रातील खेड्यांत व शहरांतील लहान घरांत परिस्थिती वेगळी आहे. तेथे जेवणे, निजणे, भाजी निवडणे, पाहुण्यांशी बोलत बसणे हे सारे जमिनीवर चालते. स्नान मोरीत, बादली व तांब्या घेऊन होते. शौचकूप बैठ्या पद्धतीचा असतो. अशा घरात जमिनीवरून खुर्चीत व खुर्चीतून जमिनीवर जाणे ही दिवसातून अनेकदा करावयाची क्रिया आहे. ती न येणारा मनुष्य दिवसभर खुर्चीत नाहीतर खाटेवर राहतो आणि कुटुंबाच्या बैठकीतून बाहेर पडतो. ज्याला ती येते, त्याचा कागदावरील आकडा एकाने वाढतो. घरातील त्याचे स्थान मात्र पुष्कळच बदलते.

उलट बाजूही पाहावयास हवी. पाश्चात्त्य पद्धतीचा न्हाणीटब नसणे ही या घरांतील एक सोयच आहे. पायांत शक्ती नसलेली परंतु हात बळकट असलेली व्यक्ती मोरीत पाटावर बसून बादलीतील पाण्याने स्वतंत्रपणे स्नान करू शकते. मात्र संवेदना नसलेल्या मांडीवर कढत पाणी पडले तर कळत नाही, व ओल्या फरशीवरून सरकताना कातडी सोलवटते. म्हणून पाणी आधी संवेदना असलेल्या हाताने पाहणे आणि खाली जाड बैठक घेणे या सवयी शिकवाव्या लागतात. बैठ्या शौचकूपावर मध्यभागी छिद्र असलेली खुर्ची ठेवून काम भागते. पण बऱ्याच ठिकाणी शौचालयाचा दरवाजा चाकाच्या खुर्चीच्या रुंदीपेक्षा अरुंद असतो आणि त्याला उंबरठाही असतो. रुग्णालयात 'शौचालयाचा वापर' या घटकात ५ पैकी ४ गुण मिळविलेला रुग्ण घरी गेल्यावर ० वर येतो तो अशा कारणांनी. त्याच्या मज्जातंतूंत काहीही बिघाड झालेला नसतो.

जेवणाच्या घटकातही असेच घडते. साधनाविना, मदतीविना जेवणाऱ्यास ३ गुण, आणि अन्न कापून देण्यापुरती वा पेय ओतून देण्यापुरती मदत लागल्यास २ गुण, अशी स्किमची भाषा आहे. मराठी ताटात कापण्यासारखे फारसे काही नसते. पण भाकरी मोडावी लागते, भात कालवावा लागतो. सी-६ पातळीच्या व्यक्तीला मनगटाच्या युक्तीने मऊ पोळीचा तुकडा उचलता येईल. ज्वारीची वाळलेली भाकरी एका हाताने मोडण्याइतका जोर त्या पकडीत नसतो. चमचा बांधून दिला की काम होते, परंतु पंगतीत चमच्याने जेवावयास संकोच वाटतो म्हणून अनेकजण घरच्यांनी भरविणे पत्करतात. हा गुण मग स्नायूंमुळे कमी होतो की संकोचामुळे?

'करतो' आणि 'करू शकतो' :

जागतिक आरोग्य संघटनेने २००१ मध्ये स्वीकारलेल्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात क्षमता व प्रत्यक्ष आचरण यांत भेद केला आहे. अनुकूल वातावरणात माणूस जे करू शकतो ती क्षमता. नेहमीच्या वातावरणात जे करतो ते आचरण. बार्थेल, फिम व स्किम या तिन्ही श्रेणी मुख्यतः आचरण नोंदवितात. एकत्र कुटुंबात आई, पत्नी वा सून यांचा हात चटकन पुढे येतो. सदरा घालायला रुग्णाला वीस मिनिटे लागत असतील आणि आईला दोन, तर सकाळच्या घाईत आईच सदरा घालते. तिचे चुकते असे म्हणता येत नाही. परंतु मूल्यमापन करणाऱ्याने 'मदत लागते' एवढेच लिहिले, तर क्षमता असूनही ती वापरली जात नाही ही महत्त्वाची गोष्ट नोंदीतून निसटते आणि उपचाराची दिशा चुकते. अशा रुग्णाला व्यायामापेक्षा अधिक गरज असते ती घरच्या दिनक्रमाची फेरआखणी करण्याची.

मूल्यमापन कोणी करावे यालाही महत्त्व आहे. स्किमचे घटक एकाच व्यक्तीने तासाभराच्या मुलाखतीतून भरण्याऐवजी ज्याने जे पाहिले त्याने ते भरावे, ही पद्धत अधिक विश्वसनीय ठरते. मूत्राशय व शौच यांविषयी परिचारिकेस, कपडे व जेवण यांविषयी व्यवसायोपचारतज्ज्ञास आणि खुर्चीत जाण्या-येण्याविषयी भौतिकोपचारतज्ज्ञास प्रत्यक्ष माहिती असते. दुखापतीनंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत मेरुरज्जूची प्रतिसादशून्य अवस्था असू शकते, म्हणून त्या वेळचे गुण भविष्यदर्शक मानू नयेत. दाखल होताना, घरी सोडताना आणि घरी गेल्यावर काही महिन्यांनी, अशी किमान तीन मूल्यमापने हवीत. व्यवहारात तिसरे बहुधा होतच नाही. आणि जे खरोखर कळावयास हवे ते याच तिसऱ्यात दडलेले असते.

अपंगत्वाची टक्केवारी आणि स्वावलंबन :

आपल्याकडे आणखी एका आकड्याची यात भर पडते, तो म्हणजे दिव्यांगत्वाच्या प्रमाणपत्रावरील टक्केवारी. दिव्यांग व्यक्तींचे हक्क अधिनियम, २०१६ नुसार अनेक लाभांसाठी किमान ४० टक्के दिव्यांगत्व आवश्यक आहे. ही टक्केवारी शरीरातील कायमचा दोष मोजते. दैनंदिन स्वावलंबन मोजत नाही. पूर्ण पॅराप्लेजिया असलेल्या दोघांना सारखीच टक्केवारी मिळेल, मग त्यांपैकी एक स्वतः तीनचाकी चालवून कामावर जात असो आणि दुसरा शय्याव्रणाने वर्षभर अंथरुणावर असो. यात एक गंमत अशी की, भारत सरकारच्या २००१ च्या मार्गदर्शक सूचनांत पायांची स्थिरता तपासताना उकिडवे बसणे व मांडी घालून बसणे यांना स्वतंत्र स्थान दिलेले होते. जमिनीलगतचे जीवन त्या सूचना करणाऱ्यांना ठाऊक होते. आंतरराष्ट्रीय श्रेणींना ते ठाऊक नाही. पण दोष मोजणारी पहिली पद्धत स्वावलंबनाविषयी मूक आहे, आणि स्वावलंबन मोजणारी दुसरी पद्धत जमिनीविषयी.

२०१३ मध्ये स्वित्झर्लंडमधील संशोधकांनी स्किमची अशी आवृत्ती प्रसिद्ध केली, जी रुग्ण स्वतःच भरू शकतो. दूरच्या तालुक्यातून पुन्हा रुग्णालयात येणे ज्याला परवडत नाही, त्याच्याकडून दूरध्वनीवरून माहिती घेण्यासाठी ही पद्धत सोयीची आहे. तिचे मराठीकरण करताना मात्र एक पेच उभा राहतो. 'अन्न कापणे' याऐवजी 'भाकरी मोडणे' लिहिले, जमिनीवरून उठण्याचे गुण वाढविले, तर इतर देशांतील आकड्यांशी तुलना करता येत नाही. तसे न केले तर परक्या घराचे मोजमाप आपल्या घराला लावल्यासारखे होते. व्यवहार्य मार्ग असा की, मूळ घटक व गुण जसेच्या तसे ठेवावेत आणि त्याच कागदाच्या मागील बाजूस जमिनीवर उतरणे व चढणे, मोरीतील स्नान, बैठ्या शौचकूपाचा वापर, उंबरठा ओलांडणे आणि हाताने जेवणे या पाच बाबींची नोंद गुणांशिवाय, साध्या वाक्यांत करावी : रुग्ण स्वतः करतो, करू शकतो पण करीत नाही, की करूच शकत नाही, आणि करीत नसेल तर का. घरभेटीस जाणाऱ्या समाजसेवकाने त्याच कागदावर दरवाजाची रुंदी व उंबरठ्याची उंची सेंटिमीटरमध्ये लिहून आणली, तर रुग्णास घरी सोडण्यापूर्वीच सुताराला व गवंड्याला काय सांगावयाचे ते ठरविता येते.